आप्पासोंचे नंबर

गुंटूरच्या सराफ बाजारात आप्पासोंचं गलाईचं दुकान होतं. सराफांकडचं जुनं सोनं घ्यायचं, वितळवायचं, आम्लात घालून चोख करायचं आणि परत द्यायचं, असा धंदा. विटा आणि आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं याच धंद्यात देशभर पांगलेली. कुणी कोइमतूरला, कुणी पाटण्याला, कुणी पार सिलिगुडीला. या सगळ्यांचा ठावठिकाणा आप्पासोंकडं असायचा. परमुलखात कुणी आजारी पडलं, कुणाला पोलिसांनी उगाच बसवून ठेवलं, की पहिला फोन गुंटूरला. मग आप्पासो त्या गावातल्या आपल्या माणसाला फोन लावायचे आणि म्हणायचे, "जरा जाऊन ये, गड्या."

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात ते विट्याला आले, घरावर मजला चढवायचा म्हणून. येताना कपड्यांच्या घडीत गुंडाळून एक इलेक्ट्रॉनिक डायरी आणली होती. तळहाताएवढी, करड्या रंगाची. एका सराफाचा मुलगा अमेरिकेत होता, त्यानं स्वतःला नवी घेतली आणि ही आप्पासोंना दिली. तिच्या काचेवर बारक्या काडीनं लिहायचं. अक्षरंही तिची तिची निराळी. इंग्रजी ए काढताना मधली रेघ द्यायची नाही, टी म्हणजे नुसता कोपरा. दहावी झालेल्या आप्पासोंनी दुपारच्या निवांत वेळी दुकानात बसून ती अक्षरं गिरवली होती आणि सगळी नावं, सगळे नंबर एकेक करून आत भरले होते. जुनी कागदी डायरी मग दुकानातच कुठंतरी पडली. नाहीतरी गावोगावची एक्स्चेंज बदलत होती आणि तिच्यातले निम्मे नंबर खोटे झाले होते.

देताना त्या मुलानं एक गोष्ट बजावली होती. सेल पार उतरले तर आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून ती घरच्या कॉम्प्युटरला जोडून तिकडं एक प्रत ठेवायची. याला तो 'सिंक करणं' म्हणायचा. जोडायला डायरी उभी करायची एक बैठक, वायर आणि सीडी असं सगळं त्यानं खोक्यात घालून दिलं होतं.

कॉम्प्युटर घरी होता. अंकिताला कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आप्पासोंनीच तो घेऊन दिला होता. ती होस्टेलवर राहायची, परीक्षा संपवून नुकतीच सुट्टीला आली होती. मुलगी एकुलती एक. पण बाप आणि लेक एका छताखाली राहिले ते दिवाळीचे चार दिवस आणि यात्रेचे दोन, एवढेच. आप्पासो घरी आले की विजयमालाबाई कपाटातली चांगली ताटं काढायच्या, आणि त्या ताटांमुळंच अंकिताला वाटायचं, पाहुणे आलेत.

जेवण झाल्यावर आप्पासोंनी खोकं तिच्यापुढं ठेवलं.

"ह्ये तुज्या कॉम्प्युटरला जोडता यील का, बघ की."

"येईल की. त्यात काय अवघड आहे, आप्पा?" ती म्हणाली.

अवघड निघालं. वायरच्या टोकाला छोटा प्लग होता, आणि कॉम्प्युटरच्या मागं तसली जागा एकच. तिथं माउस बसलेला. दुसरी जागा होती ती मोठी, जास्त पिनांची. अंकितानं माउस काढून डायरीची वायर तिथं लावली, तर कॉम्प्युटर अडून बसला. माउस परत लावला तरी पडद्यावरचा बाण हलेना. शेवटी सगळं बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. आप्पासो शेजारी स्टुलावर बसून बघत होते.

"मधे घालायचा एक जोड मिळतो," ती म्हणाली. "इथं नाही मिळणार. कराडला जावं लागेल."

"मग जाऊ या की. गवंडी उद्या येत न्हाईत. स्लॅबवर पाणी तुझी आई मारंल."

दोघं सकाळच्या एस.टी.नं निघाली. असं दोघांनीच कुठं जायची ही पहिलीच वेळ होती. कडेगाव येईपर्यंत दोघं खिडकीबाहेर बघत बसली होती. शाळू गुडघ्याएवढा झाला होता. मग आप्पासोंनी विचारलं, "तुज्या त्या इलेक्ट्रॉनिक्समदी काय शिकिवत्यात? रेडिओ, टीव्ही?"

"ते पण. खरं तर त्याच्या आत वीज कशी वागते ते शिकवतात."

"आमचं बी तसंच म्हण. सोनं आत कसं वागतंय त्ये बघायचं."

"आप्पा, सोनं चोख झालं ते कळतं कशावरून?"

तिनं आजवर हे कधी विचारलं नव्हतं. आप्पासो सावरून बसले आणि तांबं कसं सुटतं, चांदी कशी खाली बसते, मुशीतल्या रसावर शेवटी कसा एक पडदा सरकतो ते सांगायला लागले. कराड आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं. कंडक्टरनंच शेवटी हाक मारली, "आवं मामा, उतरा आता."

कॉलेजच्या रस्त्याला प्रबुद्धचं दुकान होतं. कॉम्प्युटर जुळवून द्यायचा धंदा. अंकिताच्या वर्गातली सगळी मुलं त्याच्याकडंच यायची. त्यानं डायरी हातात घेऊन उलटीपालटी बघितली.

"सर, भारी वस्तू आहे. मी फक्त फोटोत बघितली होती." मग ड्रॉवर उपसून त्यानं बोटभर लांबीचा एक जोड काढला. "माउस आहे तिथंच राहू दे. हा मागच्या मोठ्या पोर्टला लावायचा. प्रोग्राममध्ये पोर्ट दोन नंबरचं निवड, अंकिता, आणि सुरुवातीला वेग कमी ठेव. आणि पहिल्यांदा करताना घाई करू नको."

शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं, पण मनात शिरलं नाही.

घरी परत आल्यावर तिनं जोड लावला, पोर्ट बदललं. कॉम्प्युटरवर नावांची वही उघडून चालतंय का बघायला एक नाव टाईप केलं, 'आई', आणि पुढं घरचाच फोन नंबर. मग डायरी बैठकीत ठेवून बटण दाबलं. डायरीतून बारीक सूर निघाला. पडद्यावर दोन बाण गोल फिरू लागले. आप्पासो स्टुलावरून अर्धे उठले.

आणि लाईट गेली.

लाईट परत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. कॉम्प्युटर परत चालू केल्यावर सिंक अर्धवट राहिल्याची सूचना पडद्यावर आली. अंकितानं सेटिंग उघडलं. तिथं तीन पर्याय होते: दोन्हीकडचं जुळवून घ्यायचं, कॉम्प्युटरनं डायरीवर लिहायचं, किंवा डायरीनं कॉम्प्युटरवर लिहायचं. तिला शेवटचा हवा होता. इंग्रजी वाक्यं लांब होती आणि एकसारखी दिसत होती. पुन्हा लाईट जाईल या धास्तीनं तिनं झटकन एकावर क्लिक केलं आणि बटण दाबलं.

या वेळी सूर निघाला, बाण फिरले आणि काम चुटकीसरशी संपलं.

"झालं!" ती आनंदानं ओरडली. "झालं, आप्पा!"

आप्पासोंनी डायरी उचलून नावांचं बटण दाबलं. एकदा दाबलं, परत दाबलं. मग डायरी तिच्याकडं वळवली. काचेवर एकच नाव होतं. आई.

अंकितानं कॉम्प्युटरवर बघितलं. तिथंही आईच. तिनं सेटिंग पुन्हा उघडून ते वाक्य शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं, आणि काय झालं ते तिला कळलं. रिकाम्या कॉम्प्युटरनं भरलेल्या डायरीवर लिहिलं होतं.

"माघारी ईल का?" आप्पासोंनी विचारलं.

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

आप्पासोंनी डायरी टेबलावर ठेवली. "निदान घरचा नंबर तरी ऱ्हायला," ते म्हणाले, आणि उठून जिन्यानं वर गेले. वरून स्लॅबवर पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. पाणी तर सकाळीच मारून झालं होतं.

त्या रात्री अंकिता जेवली नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. ओरडणाऱ्या माणसाला सॉरी म्हणता येतं.

सकाळी शेजारच्या बनाबाई आल्या. त्यांचा मुलगा सयाजी कानपूरला होता, गलाईतच. दर रविवारी तो आप्पासोंच्या घरी फोन करायचा, आणि बनाबाई पदर सावरत पळत यायच्या. गेले काही रविवार फोन आला नव्हता.

"आप्पासो, लेका, सयाजीचा आवाज न्हाई बघ कानावर. तुज्या त्या मशिनीत त्येचा नंबर आसंल न्हवं? तेवढा लावून दे की."

आप्पासोंनी अंकिताकडं बघितलं नाही. "मशीन जरा बिघडलीया, काकू," ते म्हणाले. "बसा तुमी. बघतो."

पण बघणार कशात, हे त्यांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं फोन सयाजीच करायचा, म्हणून त्याचा नंबर या घरात कुणी लिहून ठेवला नव्हता. बनाबाई उंबऱ्याशी टेकल्या आणि लुगड्याच्या काठाला बोटं चोळत राहिल्या. अंकिताला तिथं थांबवेना, आणि आतही जाववेना.

विजयमालाबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी तिघांची तोंडं बघितली.

"आवं, फोन हाय न्हवं घरात? मशीन न्हवती तवा काय करत हुता? बाळासोचा नंबर मला तोंडपाठ हाय. त्येला लावा. त्यो कुणाला तरी वळखत असंल, त्यो आनी कुणाला तरी."

बाळासो म्हणजे विजयमालाबाईंचा भाऊ, सध्या गुंटूरचं दुकान तोच बघत होता. आप्पासोंनी फोन लावला. बाळासोला दुकानात जुनी डायरी सापडली नाही, त्याच्याकडं कानपूरचं कुणी नव्हतं, पण नागपूरच्या धुळाचा नंबर होता. आप्पासो एकेक आकडा मोठ्यानं म्हणाले. अंकितानं आत जाऊन कॉम्प्युटर चालू केला आणि कुणी सांगायच्या आधीच तो नंबर आत टाईप केला.

धुळा नागपुरात इतवारीत होता. त्याचा आवाज इतका मोठा, की फोन आप्पासोंच्या कानाला असून सगळ्यांना ऐकू येत होता. "सयाजी? आरं, त्येनं दुकान बदललंय म्हणं. फोन तितंच ऱ्हायला. थांब गड्या, कानपुरात आपल्या भाळवणीचा एक जण हाय, त्येचा देतो."

भाळवणीच्या माणसाचा फोन लागायला बराच वेळ गेला. लाईन मधेच तुटायची, मधेच दुसऱ्याच कुणाचं हिंदी बोलणं ऐकू यायचं. शेवटी लागला, आणि आप्पासोंनी नाव सांगताच पलीकडचा माणूस म्हणाला, "माझ्याच घरी आहे तो. टायफॉइड झाला होता. आता उतरलाय. आईला कळवू नका म्हणून आम्हाला शपथ घातली होती."

बनाबाईंनी दोन्ही हातांनी फोन धरला. "सया," एवढंच म्हणाल्या, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. नंतर एकदम रागावून बोलायला लागल्या, "खातोस काय? पेज? कोण करून घालतंय? त्या बाईला दे फोन." मग भाळवणीच्या माणसाच्या बायकोशी, जिला त्यांनी कधी बघितलंही नव्हतं, घरच्या सुनेशी बोलावं तसं बोलल्या. फोन ठेवल्यावर कप उचलला. चहा गार झाला होता, तरी तोच प्यायल्या आणि उठून गेल्या.

"मशिनीतला नंबर आसता तरी लागला नसता," आप्पासो अंकिताला म्हणाले. "जुन्या दुकानाचा हुता त्यो."

तिला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, की खरंच तसं होतं, हे तिला कळलं नाही. पण काल संध्याकाळपासून ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलले होते.

"आप्पा, आपण सगळेच परत गोळा करू. एकाला विचारायचं, तो दोघांचे देईल. मी टाईप करते."

तसंच सुरू झालं. दिवसा आप्पासो गवंड्यांच्या मागं असायचे. संध्याकाळी फोनचे दर उतरले, की बाप-लेक फोनपाशी बसायची. वायर ओढून फोन कॉम्प्युटरच्या टेबलापर्यंत आणला होता. आप्पासो कुणाशी तेलुगूत बोलायचे, कुणाशी मोडक्या तमिळमध्ये, आणि मग "आरं, आई कशी हाय?" म्हणून एकदम गावाकडं यायचे. फोन नुसता नंबरासाठी लावलेला असायचा, पण पलीकडचा माणूस सोडत नसे. कुणाला पावसाचं विचारायचं असे, कुणाला वाटणीचं सांगायचं असे. अंकिता बोटं अक्षरांवर ठेवून थांबायची.

एकदा आप्पासो वर स्लॅबवर असताना त्यांनी खाली हाक मारली, "अंकिता, सिलिगुडीचा लाव. आता तूच बोल."

"मी काय बोलू?"

"म्हण, आप्पासोंची अंकिता बोलतीया."

फोन एका बाईनं उचलला. आता दुकान दीर बघतो, ती म्हणाली, आणि नंबर सांगितले. मग विचारलं, "तू कॉलेजात जाणारी व्हय? तुझ्या वडलांचे लय उपकार हायत, बाळ. आमचे मालक हितं वारले, तवा गुंटूरवरनं धावत आले. रेल्वेनं, मग गाडीनं, पार गावापतोर मयत त्येंनीच आणलं. मी तर शुद्धीत न्हवते."

"कधी झालं हे, काकू?"

"गेल्या वर्सी जूनमदी."

अंकितानं फोन ठेवला. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये बारावीचा निकाल लागला होता आणि ती तालुक्यात मुलींमध्ये पहिली आली होती. शाळेनं सत्कार ठेवला होता, नगराध्यक्ष येणार होते. आप्पासोंनी येतो म्हणून सांगितलं होतं आणि आले नव्हते. दुकानात अडकलो, असं फोनवर म्हणाले होते. सगळ्या मुलांचे वडील व्यासपीठासमोर बसले होते, आणि तिच्यासाठी ठेवलेल्या दोन खुर्च्यांतल्या एकीवर आईनं आपली पिशवी ठेवली होती.

ती वर गेली. आप्पासो पाइप धरून ओल्या स्लॅबच्या कडेला उभे होते. खाली गावात दिवे लागायला सुरुवात झाली होती.

"सिलिगुडीच्या काकूंनी सांगितलं," ती म्हणाली. "तेव्हा मला का नाही सांगितलं तुम्ही?"

आप्पासोंना काय ते लगेच कळलं. त्यांनी पाइपचं तोंड बोटानं दाबलं.

"तुजा पेढं वाटायचा दिवस हुता. त्यात मयताची गोष्ट कशाला काढायची?"

"मला वाटलं, तुम्हाला दुकान जास्त..." ती थांबली.

"वाटणारच," ते म्हणाले. "माज्या बी लय जीवाला लागलं हुतं. मयताच्या गाडीत बसून सारखं मनात यायचं, आता तिचं नाव पुकारलं आसंल." त्यांनी पाइप दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाले, "साडी कुटली नेसली हुतीस?"

"साडी नाही. निळा ड्रेस. आईनं शिवून घेतलेला."

"हां. फोटूत काळा दिसतोय त्यो."

अंकितानं त्यांच्या हातातून पाइप घेतला आणि उरलेल्या कोपऱ्यावर पाणी मारलं. आप्पासो कठड्याच्या विटांवर बसून, कुठलं कुठलं राहिलंय ते तिला बोटानं दाखवत राहिले.

आप्पासोंचं परतीचं रिझर्व्हेशन जवळ आलं तोवर कॉम्प्युटरवरची नावं पहिल्यापेक्षा जास्त झाली होती, कारण आप्पासोंना ठाऊक नसलेली नवी पोरंही या निमित्तानं सापडली होती. कुणाचं गाव, कुणाची भाऊबंदकी, कोण कुणाच्या दुकानात शिकला, हे सगळं अंकितानं नावापुढच्या मोकळ्या जागेत लिहिलं होतं. ते नंबरापेक्षा जास्त उपयोगी पडतं, हे तिला फोनवर बसून कळलं होतं.

सिंक करायला दोघं दुपारी बसली. अंकितानं सेटिंग उघडलं आणि तिन्ही वाक्यं मोठ्यानं मराठीत करून सांगितली. आप्पासोंनी चष्मा लावला आणि स्वतःही वाचली, ओठ हलवत.

"आता कॉम्प्युटरमदी भरलेलं हाय, डायरी रिकामी," ते म्हणाले. "म्हंजे त्या दिवशी चुकून दाबलंस, त्येच आता बरूबर."

"तेच बरोबर. पण मी पहिलं निवडते, दोन्हीकडचं जुळवून घ्यायचं. म्हणजे कुठलंच काही जाणार नाही."

"दाब मग."

"तुम्ही दाबा, आप्पा."

त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं. सूर निघाला, बाण फिरायला लागले आणि फिरतच राहिले. इतका वेळ लागला, की विजयमालाबाईसुद्धा हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. लाईट गेली नाही. पुन्हा सूर निघाला आणि बाण थांबले. आप्पासोंनी डायरी उचलून नावं खाली खाली सरकवली. अलाहाबाद, बेळगाव, कोइमतूर, झाशी. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "सगळी आली."

विजयमालाबाईंनी जेवायला वाढलं, रोजच्याच स्टीलच्या ताटांत.

आप्पासो गेले. अंकितानं होस्टेलवर जायच्या आधी सगळी नावं फ्लॉपीवरही घेऊन ठेवली, आणि छापून एक प्रत आईला दिली. मार्चमध्ये ती दोन दिवस घरी आली असताना दुपारी फोन वाजला. वरंगळहून कुणी अनोळखी माणूस बोलत होता. गुंटूरचा फोन लागत नव्हता म्हणून त्यानं विट्याला केला होता. त्याचा भाऊ फौजेत होता, जम्मूच्या मिलिटरी हॉस्पिटलात होता, आणि भेटायला निघालेल्या म्हाताऱ्या आईवडलांना तिथं उतरायला कुणाचंच घर नव्हतं.

"जम्मूला आपलं कुणी हाय का, ताई?"

"आहे की, आपल्या लेंगरे गावचे आहेत एक," अंकिता म्हणाली. "नंबर घ्या. पण तुम्ही नका लावू, तुम्ही गाडीचं बघा. मी त्यांना आधी सांगून ठेवते. आईवडील कुठल्या गाडीनं निघालेत?"

तिनं गाडीचं नाव लिहून घेतलं आणि जम्मूचा नंबर फिरवायला सुरुवात केली.